चिकाआडचं इंग्रजी

आमच्या जालन्यात गोरं कातडं म्हणजे इंग्रज, ही समजूत इतकी पक्की होती की खुद्द गोऱ्या माणसानं नाही म्हटलं तरी ती हलत नसे. कापसाच्या प्रेसवर यंत्रं बसवायला आलेला साहेब स्वित्झर्लंडचा होता. त्यानं तसं सांगितलंही होतं. लोकांनी ते ऐकून घेतलं आणि जसं आमचं पिंपळगाव भोकरदन तालुक्यात आहे, तसं स्वित्झर्लंड हे विलायतेतलं एखादं खेडं असणार, असं ठरवून टाकलं. दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि साहेब इथंच अडकला. त्याच्याबरोबर त्याची बायको अडकली. तिला सगळे मडम म्हणत.

याच सुमारास मी सिकंदराबादहून परत आले. नऊ वर्षं मी तिथल्या इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात होते. वडील तहसील कचेरीत पेशकार. मुलीला इंग्रजी शिकवायचं हे खूळ त्यांच्या डोक्यात कुणी भरलं ते मला माहीत नाही, पण पुढं त्या इंग्रजीचं करायचं काय हे त्यांनाही माहीत नव्हतं. शाळेच्या मुख्य बाई स्कॉटलंडच्या होत्या. त्या 'र' म्हणत तेव्हा जात्यात हरभरे पडल्यासारखा आवाज येई. नऊ वर्षं ऐकून ऐकून तो 'र' माझ्या जिभेवर बसला. मी बोलायची कमीच, पण जे काही इंग्रजी बोलायची ते त्या बाईंसारखं.

घरी आल्यावर ते बोलायलाही कुणी उरलं नाही. आठ महिने मी घराबाहेर पडले ती देवळात आणि हळदीकुंकवाला. विधवा आत्या आमच्याकडेच राहायची. ती म्हणायची, "नऊ साल शिकून आली, अन् तोंडात मूग धरून बसली. बापानं पोरगी पाठवली अन् मुकी वापस आणली."

मी यावर काही बोलत नसे, म्हणजे तिचं म्हणणं आपोआप खरं ठरे.

मग जुन्या जालन्यात मुलींची शाळा काढायचं ठरलं. काढणारे होते प्रेसचे मालक. शेकडो एकर जमीन, तीन मजली घर, आणि घरात कडक गोषा. सगळं गाव त्यांना मालकच म्हणायचं. शाळेत इंग्रजी शिकवायला बाई हवी होती. ती जागा मला हवी होती. इतकी हवी होती की मी वडिलांकडे स्वतःहून विषय काढला. त्या घरात मी स्वतःहून विषय काढण्याची ती पहिली वेळ.

वडील थोडा वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "जागा मडमला द्यायचं बराबर ठरलेलं आहे. पण सरकारची मदत पाहिजे तर दोन उमेदवार दाखवावे लागतात. मालकांनी मला विचारलं, तुमची लेक बसवता का. मी हो म्हणालोय."

म्हणजे मी उमेदवार होते, पण मोजण्यापुरती.

"जाशील ना?" वडिलांनी विचारलं.

मी मान हलवली. मोजण्यापुरतं का होईना, कुणीतरी माझं इंग्रजी ऐकणार होतं.

दोन दिवसांनी दुपारी दारात टांगा थांबला आणि त्यातून मडम उतरली. उंच, हाडापेरानं मोठी, उन्हानं नाक सोललेलं. आत्यानं दारातूनच सांगितलं, "पेशकारसाहेब कचेरीत गेलेत." मडम बाजारात शिकलेल्या हिंदुस्थानीत म्हणाली, "साहब नक्को. लडकी होना."

तिला लडकी कशासाठी हवी होती ते कळायला वेळ लागला. तिचं इंग्रजी मराठीत उतरवायचं तर ते असं होतं: "मी इंग्रज नाही. मी मालकाला सांगणे, मी इंग्रज नाही. मालक हसणे. मी दोनदा सांगणे. दोनदा हसणे. नवरा म्हणणे, मालकाला नाही म्हणू नको, प्रेस मालकाची. आता परीक्षा. तू मला इंग्रजी शिकवणे?"

घरी ती जर्मन बोलायची. इंग्रजी तिला आलं होतं ते दोन वर्षांत, नवऱ्याच्या यंत्रांच्या पुस्तकांतून. त्यामुळे तिला 'वाफेचा दाब' हे चटकन म्हणता यायचं, आणि 'बसा' म्हणायला विचार करावा लागायचा.

मी हो म्हणाले. ती गेल्यावर आत्या माझ्यासमोर येऊन बसली.

"काय करून राह्यली तू? जी जागा तुला पाहिजे, ती घ्यायला आलेल्या बाईला तूच तयार करती?"

"तिनं विचारलं."

"उद्या ती तुझी भाकर मागंल, मंग?"

मला नाही म्हणता येत नव्हतं, एवढंच कारण होतं. चांगुलपणा वगैरे काही नाही. चांगुलपणा नव्हता याचा पुरावाही माझ्याकडे आहे. बारा दिवस मी तिला शिकवलं. क्रियापदं बसवली, वाक्यं सरळ केली. पण तिचे काही उच्चार आपल्याकडच्या शाळामास्तरांसारखे होते, ओठांचा चंबू करायच्या जागी दात लावून केलेले. ते मला रोज ऐकू येत होते, आणि ते मी मुद्दाम तसेच सोडले. खरं इंग्रजी जाणणाऱ्याला ते खटकतील, असा माझा हिशोब. मडम मात्र रोज येताना माझ्यासाठी लिंबाचा मुरंबा आणायची, आणि तो मी खायची.

आत्याशी तिचं चांगलं जमलं. आत्यानं विचारलं, "तुमच्या गावात काय असतं?" मडम म्हणाली, "पहाड. गाय. बहोत गाय." आत्या मला म्हणाली, "मंग आपल्यासारखीच हाय की बिचारी. उगीच मडम मडम करत्यात."

परीक्षा मालकांच्या घरी होती. माझ्या सोबतीला आत्या आली होती. घरचा रिवाज असा की परपुरुषासमोर बाई यायची नाही, मग ती उमेदवार का असेना. दिवाणखान्याच्या मधोमध चिक, म्हणजे बांबूच्या काड्यांचा पडदा, सोडलेला होता. अलीकडे अंधार, पलीकडे उजेड, त्यामुळे आम्हाला पुरुष स्वच्छ दिसत आणि त्यांना आमच्याकडचं काही दिसत नसे. शिवाय भल्या घरच्या बाईचं नाव चार पुरुषांत घ्यायचं नाही, म्हणून आम्हाला नंबर दिले होते. मानानं मडम पहिली, मी दुसरी. मडम गोषातली नव्हती, पण तिला नियम सांगितल्यावर ती खूश झाली. समोर बसून बोलण्यापेक्षा हे बरं, म्हणाली.

पलीकडे शाळेच्या कमिटीचे तिघं होते. गादीवर मालक. शेजारी एक कापडवाले शेठ. खुर्चीवर औरंगाबादहून खास बोलावलेले बॅरिस्टरसाहेब. हे विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले नव्हते, नुसते जाऊन आलेले होते. पण वर्षभर राहून आले होते, आणि कमिटीत इंग्रजी समजणारे तेवढेच. मालकांना इंग्रजी येत नसे. मडमशी ते बोलत ते तिच्या नवऱ्यामार्फत. तिचा आवाज त्या तिघांपैकी कुणी नीट ऐकलेला नव्हता.

मालकांच्या मुन्शीनं हाक दिली, "पहिल्या बाई."

मडमनं माझा दंड धरला. "तू आधी," ती कुजबुजली. "मी नाही. तू आधी. मी ऐकणे."

मला पुन्हा नाही म्हणता आलं नाही. मी चिकाजवळच्या पाटावर जाऊन बसले. मुन्शीनं खालच्या फटीतून इंग्रजी वर्तमानपत्र आत सरकवलं. गव्हाच्या तुटवड्यावरचा मजकूर होता. मी वाचायला लागले.

एक गोष्ट मला तिथं कळली. माझं तोंड कुणी पाहत नसेल तर मला बोलता येतं. चार ओळींनंतर माझा आवाज मलाच अनोळखी वाटायला लागला. 'र' तर असे घरंगळत होते की सिकंदराबादच्या बाईंनी खिडकीतून डोकावून पाहिलं असतं. पलीकडे बॅरिस्टरसाहेबांनी डोळे मिटले आणि मान डोलवायला सुरुवात केली.

वाचून झाल्यावर त्यांनी इंग्रजीत विचारलं, "आमचा उन्हाळा आपल्याला सोसतो का?"

"लहानपणापासून सवय आहे, साहेब," मी म्हणाले.

त्यांनी इतर दोघांकडे वळून मराठीत सांगितलं, "मडम हिंदुस्थानात लहानाची मोठी झालेली दिसते. बाप मोठा अंमलदार असणार. बोलण्यात खानदान लपत नाही."

माझा बाप त्या वेळी बाहेरच्या ओट्यावर टोपी मांडीवर ठेवून बसला होता.

आणि मग मला उमगलं की हे मला मडम समजताहेत. पहिली बाई म्हणजे मडम, हे त्यांच्या डोक्यात होतं, आणि जे डोक्यात होतं तेच त्यांच्या कानात शिरत होतं. मागं आत्यानं पदर तोंडात कोंबला.

"घरची आठवण येते का आपल्याला?" बॅरिस्टरसाहेबांनी विचारलं.

इथं मी खरं सांगायला हवं होतं. मी खरंच सांगितलं. "मी घरीच आहे, साहेब."

ते हसले. छातीवर हात ठेवून म्हणाले, "पाहिलंत? याला म्हणतात तहजीब. आपल्या गावाला घर म्हणतात."

शेठ म्हणाले, "गोड बोलती. काय बोलती ते समजंना, पण गोड."

"आपल्या पोरींना हे बिलकुल जमायचं न्हाई," मालक म्हणाले. "बैलाला शिंगं, घोड्याला आयाळ. ज्याचं त्याला."

मडमला मराठी समजत नाही, या खात्रीनं ते अगदी मोकळेपणानं बोलत होते. मला त्या पाटावरून उठावंसं वाटेना. आयुष्यात इतकं कौतुक माझं कधी झालं नव्हतं, आणि हेही माझं नव्हतंच.

मग मुन्शीनं दुसऱ्या बाईंना बोलावलं, आणि मडम पाटावर बसली.

तिनं गव्हाचा तोच मजकूर वाचला. दुसऱ्याच ओळीला बॅरिस्टरसाहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. चौथ्या ओळीला त्यांनी तिला थांबवलं, आणि मी सोडून दिलेले नेमके तेच उच्चार त्यांनी धरले. माणूस अगदीच बहिरा नव्हता.

"मुली," ते इंग्रजीत म्हणाले, "हे उच्चार हिंदुस्थानी आहेत. तोंड उघडून बोल. कुणी शिकवलं तुला?"

पन्नाशीला आलेली मडम 'मुली' म्हटल्यावर जरा गोंधळली. पण ती खोटं बोलत नसे. "आधी वाचणारी बाई," ती म्हणाली. "ती मला शिकवणे. रोज. फार चांगली."

बॅरिस्टरसाहेबांनी हे दोघांना मराठीत सांगितलं. "मडमचं मन बघा. ही पेशकाराची पोरगी आपल्याविरुद्ध उभी आहे, तरी तिला रोज शिकवलं. पण उपयोग काय? दगडाला पाणी घालून अंकुर फुटतो का? इंग्रजी रक्तात असावं लागतं."

"बराबर," शेठ म्हणाले.

सगळं दोन मिनिटांत ठरलं. पहिल्या बाईंना जागा. मालकांनी मुन्शीला हार आणायला सांगितला. "मडम काही गोषातल्या न्हाईत. त्यांना म्हणावं जरा बाहेर या, हार घालून मान करू."

मुन्शीनं चिकाची एक कड वर धरली. "पहिल्या बाई, तशरीफ लाइए."

कुणी हललं नाही.

मडम मला ढकलत होती. "जा. तुला बोलावणे." मी आत्याचं लुगडं धरून बसले. मला ठाऊक होतं, मी गप्प राहिले तर जागा गेली. बाहेर पडून मी मडम नव्हे असं सांगितलं असतं तरी जागा गेलीच असती, पण निदान माझ्या हातानं गेली असती. एवढं सगळं समजत होतं, आणि पाय हलत नव्हते. 

शेवटी मडमच उठली. आपण नव्हे, असं सांगायलाच ती बाहेर गेली. पण चिकातून वाकून बाहेर येता येताच शेठांनी हार तिच्या गळ्यात टाकला.

"मी नाही," मडम म्हणाली. "ती मुलगी."

बॅरिस्टरसाहेबांनी भाषांतर केलं, "म्हणताहेत, मान त्या मुलीलाही द्या. केवढी नम्रता." सगळे हसले. मडमनं मान जोरजोरानं हलवली, तर तीही नम्रताच ठरली. मग बॅरिस्टरसाहेब म्हणाले, "मॅडम, तो मजकूर एकदा पुन्हा ऐकवा. कान तृप्त झाले नाहीत."

हताश होऊन मडमनं मजकूर वाचला. मघाच्याच चुका, मघाच्याच उच्चारांत. मी चिकातून पाहत होते. बॅरिस्टरसाहेबांनी डोळे मिटले आणि मान डोलवायला सुरुवात केली, अगदी माझ्या वाचनाला डोलवली होती तशी. दहा मिनिटांपूर्वी ज्या आवाजाला त्यांनी दगड म्हटलं होतं, त्याच आवाजावर आता त्यांचा पाय ताल धरत होता.

"वाह," ते म्हणाले. "हे ते खरं विलायतेचं बोलणं."

तोपर्यंत मला नुसती लाज वाटत होती. त्या 'वाह'नं ती गेली. जागा गेली तर जावो, पण हा मनुष्य माझ्या हरभऱ्यांच्या 'र'ला आणि मडमच्या वाफेच्या दाबाला एकच 'वाह' कसा देतो, याचा मला असा राग आला की पाय हलले नाहीत तरी तोंड हललं. मजकूर मला पाठ झाला होता. मी चिकाआडून तो मोठ्यानं म्हणायला लागले.

मडम वाचायची थांबली. बॅरिस्टरसाहेबांचे डोळे उघडले. समोर मडम तोंड मिटून उभी आणि आवाज चिकाआडून. मी शेवटच्या शब्दापर्यंत म्हटलं, एकही 'र' न सोडता.

मग शेठ म्हणाले, "मंग ही कोण?"

आत्या आतून म्हणाली, "पेशकाराची लेक हाय. तीच आल्ती पहिली. मडमनंच पुढं धाडली."

मालकांनी बॅरिस्टरसाहेबांकडे पाहिलं. बॅरिस्टरसाहेबांनी रुमालानं मान पुसली. "मला आधीच शंका आली होती," ते म्हणाले. "'र' जरा देशी वाटला."

मडमनं गळ्यातला हार काढला आणि चिकाआड येऊन माझ्या मांडीवर ठेवला. मग बाहेर जाऊन नवऱ्याकडून शिकलेलं एकच इंग्रजी वाक्य न चुकता म्हणाली, "हे यंत्र माझं नाही, मी चालवणार नाही." एवढं मात्र बॅरिस्टरसाहेबांना समजलं.

मालकांची अडचण मोठी होती. मडम शिकवणार म्हणून तर जुन्या जालन्यातल्या बापांनी मुलींची नावं घातली होती. पेशकाराच्या मुलीकडून शिकायचं तर ते घरी बसवतील. बरंच पुटपुटून त्यांनी तोड काढली. मडमनं वर्गात नुसतं बसायचं, शिकवायचं मी. कागदावर मी 'मडमसाहेबांची मदतनीस'.

आत्या म्हणाली, "हत्तीचे दाखवायचे दात अन् खायचे दात."

"कोण बोललं?" मालकांनी विचारलं.

"दुसऱ्या बाई," आत्या म्हणाली.

मी जागा घेतली. त्या 'मदतनीस' शब्दावर घरी खूप रागावले, पण घेतली.

पाच वर्षं मडम वर्गात मागच्या बाकावर विणकाम घेऊन बसायची. बाप लोक खिडकीतून डोकावून तिला पाहून समाधानानं जायचे. ती लिहूनही घ्यायची, आणि तिचं इंग्रजी खरंच सुधारलं. पहिल्याच आठवड्यात मी तिला थांबवून ते सोडून दिलेले उच्चार शिकवले. आधी का नाही शिकवले, असं तिनं विचारलं. मी सांगितलं. विणता विणताच ती म्हणाली, "मीही तेच करणे." दुसऱ्या दिवशी मुरंबा आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशी आला.

लढाई संपली आणि ती दोघं आपल्या गायींच्या देशात गेली. कमिटी पुन्हा बसली. आता मला पाच वर्गांच्या मुली ओळखत होत्या, पण कमिटीला मडम हवी होती. ठराव झाला की दुसरी मडम मिळेपर्यंत मी हंगामी राहावं, आणि मडम शोधण्यासाठी मुंबई-पुण्याच्या मिशनांना, शाळांना पत्रं पाठवावीत. पत्रं इंग्रजीत हवीत. इंग्रजी पत्र लिहिणारं गावात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

आता आमचं संस्थानी राज्यही गेलं, इंग्रजही गेले. बॅरिस्टरसाहेब दर वर्षी परीक्षेला येतात आणि मुलींसमोर विचारतात, "मडमचा काही पत्ता?" मी मान खाली घालून सांगते, पत्रं गेली आहेत, साहेब.

ती खरंच गेली आहेत. सगळी मी स्वतः टपालात टाकली, आणि त्यांत एक अक्षर खोटं नाही. शाळा चांगली आहे, मुली हुशार आहेत, हे पहिल्या दोन ओळींत लिहिलं. त्यापुढं पानभर जालन्याचा मे महिना लिहिला, आणि मागच्या पानावर विंचू.